मधली पाच मिनिटं

बोगुमिला झारेंबा यांचं वादन जितक्या माणसांनी ऐकलं, तितक्यांनी देशातल्या दुसऱ्या कुठल्याही पियानोवादकाचं ऐकलेलं नसावं. त्यातली बहुतेक माणसं सहा ते चौदा वयाची होती आणि ऐकायचं आहे का, असं त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं.

लुबानेत्सच्या सरकारी संगीतसंस्थेत बोगुमिलाबाई पंचवीस वर्षं नोकरीला होत्या. ओळखपत्रावर हुद्दा होता ‘एकल पियानोवादक’. त्यावर गोल शिक्काही होता. काम मात्र असं, की सकाळी सातला संस्थेच्या आवारातून व्हॅन निघे. मागच्या बाकावर बोगुमिलाबाई, त्यांच्याशेजारी निवेदक क्लेमेन्स दुदेक, आणि दोघांच्या मध्ये चहाचा थर्मास. दिवसाला चार शाळा. मुलांना अभिजात संगीताची गोडी लागली पाहिजे असं सरकारनं ठरवलं होतं, आणि सरकारनं एकदा ठरवलं म्हटल्यावर गोडी लागेपर्यंत कोणाची सुटका नव्हती. मुलांची नव्हती, तशी बोगुमिलाबाईंचीही नव्हती.

शाळेतला पियानो हा एक वेगळाच प्राणी असतो. तो व्यायामशाळेत राहतो, त्याच्या अंगाला मोज्यांचा वास येतो आणि त्याचे दोन-तीन स्वर कायमचे गेलेले असतात. द्रोझ्दोवच्या शाळेत एकदा पियानोच्या पोटातून उंदराचं घरटं निघालं. ते काढा म्हटल्यावर मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा उतरला. “भर थंडीत कुठं जातील बिचारे?” त्या म्हणाल्या. बोगुमिलाबाईंनी त्या दिवशी खालचं सप्तक न वापरता काम भागवलं.

क्लेमेन्स एके काळी गायक होता. चाळिशीत त्याचा आवाज बसला तो उठलाच नाही. पोट मात्र गायकाचं राहिलं, आणि गळ्याला बो-टाय. तो मुलांसमोर उभा राही आणि बाईंकडे हात करी.

“मुलांनो, हे काय आहे?”

“पियानोऽऽ!”

“आणि ह्या कोण आहेत?”

“बाईऽऽ!”

“शाबास. हाच क्रम लक्षात ठेवा.”

हा विनोद त्यानं पंचवीस वर्षं केला. बोगुमिलाबाई पंचवीस वर्षं हसल्या. तेही कामातच धरलेलं होतं.

कार्यक्रमाच्या शेवटी एक बॅलड, म्हणजे गोष्ट सांगावी तशी लांबलचक रचना, असे. रचनाकाराचं नाव सांगायची गरज नाही. इथं रस्त्यांना, शाळांना, चॉकलेटच्या डब्यांना त्याचंच नाव आहे. बॅलड साडेनऊ मिनिटांचं. बोगुमिलाबाई ते साडेचार मिनिटांत संपवत. पळवून नव्हे, मधली पाच मिनिटं गाळून. मग टाळ्या, मग मुलांचे प्रश्न (“तुमची बोटं दुखतात का?”, “पियानो किती किलोचा असतो?”, “तुम्हाला मुलं आहेत का?”), मग डोक्याला मोठी रिबीन बांधलेली एक मुलगी पुढं येऊन कागदात गुंडाळलेली कार्नेशनची तीन फुलं देई, आणि व्हॅन पुढच्या शाळेकडे निघे.

ती गाळलेली पाच मिनिटं हीच बोगुमिलाबाईंची आयुष्यभराची कमाई होती, हे व्हॅनमधल्या कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

युद्ध संपलं तेव्हा बोगुमिला, घरातली मिला, सात वर्षांची होती. त्यांच्या गल्लीत दोनच गोष्टी धड उरल्या होत्या, कोपऱ्यावरचा हातपंप आणि औषधवाल्याचा पियानो. वडील परत आले नाहीत. आई औषधवाल्याकडे कपडे धुवायला जाई तेव्हा मिला पियानोखाली बसे. कालांतरानं ती पियानोपुढे बसू लागली. अठराव्या वर्षी ती राजधानीतल्या संगीत विद्यालयात पोचली आणि प्रोफेसर ओतिलिया ग्राबिन्स्का यांच्या तावडीत सापडली. प्रोफेसर चणीनं लहान होत्या, सतत सिगारेट ओढत आणि विद्यार्थ्यांच्या मनगटावर पेन्सिलीनं टोले देत. कौतुक ही वस्तू त्यांच्याकडे रेशनवर होती.

बॅलडच्या सुरुवातीला एक साधी चाल येते, दमलेल्या मुलाला निजवावं तशी. शेवटी वादळ आहे. ते बोटांची परीक्षा घेतं आणि ऐकणाऱ्यांना खुर्चीवरून उठवतं. या दोहोंच्या मधे ती साधी चाल वाट चुकते. भलभलत्या स्वरांतून फिरते, दोनदा स्वतःच्या घराशी येते आणि दार न वाजवताच माघारी जाते. वर्गातली बाकीची मुलं हा भाग बसथांब्यावर उभं राहावं तसा वाजवत, वादळाची वाट पाहत. मिला तो असा वाजवी, की वादळ आलंच नाही तरी बिघडणार नाही असं वाटावं.

पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी प्रोफेसरांची पेन्सिल हवेतच राहिली.

“पुन्हा वाजव,” त्या म्हणाल्या. मिलानं पुन्हा वाजवलं.

“सुरुवात कोणालाही येते,” त्या राख झटकत म्हणाल्या. “शेवट बोटं वाजवतात. मधलं वाजवायला माणूस लागतो. ते तुझ्यात आहे, पोरी. मी शिकवलेलं नाही, म्हणून तर जास्त चिडायला होतंय.”

त्यानंतर मोठी स्पर्धा आली. देशातर्फे सहा जण पाठवायचे होते. निवडीत मिला सातवी आली, म्हणजे पहिली राखीव. सहातला एक आजारी पडला की तिनं उतरायचं. स्पर्धेचे तीन आठवडे ती रोज सकाळी काळा पोशाख घालून, हातमोज्यांत हात गरम ठेवून रंगमंचाच्या मागच्या दाराशी बसली. त्या वर्षी सहापैकी एकालाही साधी सर्दी झाली नाही.

“शिंकण्याइतकीसुद्धा माणुसकी उरली नाही लोकांत,” प्रोफेसर म्हणाल्या.

लुबानेत्सची नोकरी मिलानं एका वर्षासाठी धरली.

तिसऱ्याच दिवशी द्रोझ्दोवच्या शाळेत तिनं बॅलड अखंड वाजवलं. सहाव्या मिनिटाला एक खुर्ची करकरली. मग तीन. मग ते करकरणं मागच्या रांगेतून पुढं येऊ लागलं. सातव्या मिनिटाला तिसरी-ब मधून एक बूट उडाला आणि पेडलापाशी येऊन पडला. मिलानं शेवटपर्यंत वाजवलं. ऐकलं कोणी नाही.

नंतर शिक्षकांच्या खोलीत चहाचे ग्लास आले, खसखशीचा केक आला आणि क्लेमेन्सनं खिशातून लाल पेन्सिल काढली.

“बाई, रागावू नका. पण त्यात मधे फारसं काही होत नाही.”

“मधेच तर सगळं होतं.”

“तुमच्यात होतं. तिसरी-ब मध्ये नाही होत.” त्यानं स्वरलिपीची वही पुढं ओढली. “हे बघा. तिसऱ्या पानाच्या तळाशी डावा हात ह्या स्वरावर थांबतो. नवव्या पानावर वादळ सुरू होतं तेही ह्याच स्वरावरून. बोटही तेच. इथून उचललं, इथं ठेवलं. शिवण दिसणारसुद्धा नाही.”

मिलानं जोडून पाहिलं. शिवण खरंच दिसत नव्हती. हेच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

“तात्पुरतं करू,” ती म्हणाली.

“अर्थात, तात्पुरतंच,” क्लेमेन्स म्हणाला आणि त्यानं पानावर लाल रेघ मारली. इथं तात्पुरत्या गोष्टी नेहमीच भक्कम बांधतात.

पहिली काही वर्षं ती संध्याकाळी घरी येऊन ती मधली पाच मिनिटं वाजवी. तेवढीच, सुटी, खाणावळीतून राहिलेलं जेवण घरी आणून गरम करावं तशी. दोन खोल्यांचं घर, भिंती पुठ्ठ्याच्या. खालच्या मजल्यावर कुलिक नावाचे पोस्टातले गृहस्थ राहत. ते झाडूच्या दांड्यानं छताला ठोसे देत. एकदा जिन्यात त्यांनी टोपी काढून सांगितलं, “बाई, ते शेवटचं दणकेबाज खुशाल वाजवा, आमची काही हरकत नाही. पण ते मधलं नको. आमच्या हिला रडू येतं आणि मग जेवायला उशीर होतो.”

आपल्या वादनावर मिळालेला हा आयुष्यातला सर्वांत चांगला अभिप्राय आहे, हे बोगुमिलाबाईंच्या फार उशिरा लक्षात आलं. तेव्हा त्यांनी फक्त माफी मागितली आणि वाजवणं रविवारपुरतं ठेवलं. मग आईला पक्षाघाताचा झटका आला. आई नऊ वर्षं अंथरुणाला होती आणि तिला आवाज सोसत नसे. पियानोच्या झाकणावर औषधाच्या बाटल्या आल्या. आई गेली तेव्हा बाटल्या गेल्या. झाकण मात्र उघडलं नाही. दिवसाला चार शाळा झाल्यावर घरी पियानो उघडणं म्हणजे खाटकानं घरी येऊन मटण कापायला बसण्यासारखं होतं.

संस्थेच्या मोठ्या सभागृहात एकटीचा, पूर्ण संध्याकाळचा कार्यक्रम मिळावा असा अर्ज त्या दर वसंतात करत. डायरेक्टर बदलत गेले, उत्तर तेच राही. पुढच्या हंगामात नक्की. एका हंगामात बॉयलर फुटला. एकदा छताचं प्लास्टर पहिल्या रांगेत उतरलं. एकदा डिसेंबरात लष्करी कायदा लागला, रस्त्यावर रणगाडे आले आणि सगळेच कार्यक्रम रद्द झाले. त्या वर्षी निदान अपमान वाटला नाही. एकदा सगळं ठरलं होतं, तेवढ्यात बल्गेरियाहून पाहुणा आला.

मग सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात त्या वेळच्या डायरेक्टरांनी त्यांना बोलावलं. बाईंच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली होती; संस्थेला काहीतरी करणं भाग होतं, आणि भेट द्यायची भिंतीवरची घड्याळं संपली होती.

“गुरुवार, पाच नोव्हेंबर,” डायरेक्टर म्हणाले आणि त्यांनी बाईंच्या हाताचं चुंबन घेतलं. “काय वाजवाल?”

“शेवटी बॅलड. अख्खं.”

“म्हणजे?” डायरेक्टरांनी विचारलं. “एरवी ते अर्धं असतं का?”

घरी येऊन त्यांनी जुनी वही काढली. पहिली तीन पानं करडी, कडा झिजलेल्या, चिकटपट्ट्यांनी सांधलेली. शेवटची पानंही तशीच. मधली मात्र छापखान्यातून आल्यासारखी पांढरीशुभ्र. पंचवीस वर्षांत त्यांना कोणाचं बोट लागलं नव्हतं. बोगुमिलाबाईंनी वही मिटली. मग लाल रेघ दिसू नये म्हणून नवी कोरी वही घेऊन आल्या.

रजा मिळाली नाही. शाळांचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच मंजूर होतं. निदान शाळेत बॅलड तरी नको, असं त्यांनी क्लेमेन्सला विनवलं.

“त्याऐवजी दुसरं काहीही घेऊ. तुम्ही म्हणाल ते.”

“बाई, मी काय म्हणणार? यादी वरून मंजूर होऊन येते. मी बॅलडच्या जागी वॉल्ट्झ घेतला तर मार्चपर्यंत पत्रव्यवहार चालेल. आणि चौथीच्या पुस्तकात बॅलड आहे, चित्रासकट.” मग त्याचा आवाज खाली आला. “अवघड जाईल का?”

“सकाळी चारदा कापलेलं वाजवायचं आणि संध्याकाळी एकदा अख्खं. तुम्हीच सांगा, हात कोणाचं ऐकतील?”

क्लेमेन्सनं थर्मासातून चहा ओतून त्यांच्या हातात दिला.

पहिल्या संध्याकाळी ते मधलं वाजलं, पण जुन्या शेजाऱ्याला रस्त्यात ओळखावं तसं. नाव आठवतं, बोलायला विषय नसतो. दुसऱ्या आठवड्यात स्वर पाठ झाले. तिसऱ्या आठवड्यातल्या एका बुधवारी, खिडकीशी अंधारून येत असताना, ती चाल पहिल्यांदा घराशी आली, दार न वाजवता मागे वळली, आणि बोगुमिलाबाईंच्या मानेवर काटा आला. त्यांनी थांबून कानोसा घेतला. खालून झाडूचा ठोसा आला नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात कुलिक भेटले. ते आता पेन्शनर होते, पाठीतून वाकलेले.

“काल त्रास झाला असेल,” बाई म्हणाल्या.

“कसला त्रास, बाई? ही जाऊन चार वर्षं झाली. आता उशीर व्हायला जेवण तरी कोण वाढतंय? वाजवा तुम्ही.”

बाईंनी त्यांना कार्यक्रमाचा पास दिला. त्याच दिवशी त्यांनी प्रोफेसर ओतिलियांना पत्र टाकलं. प्रोफेसर सत्त्याऐंशीच्या झाल्या होत्या, वर्षासारख्याच. उत्तर पोस्टकार्डावर आलं, अक्षर कापरं, पण टोला तोच: “येते. मधलं ऐकायला. सुरुवात आणि शेवट मला माहीत आहेत.”

ते कार्ड बाईंनी पियानोवर उभं केलं. पंचवीस वर्षांत आपण नेमक्या कोण होतो, याचं उत्तर आता पाच मिनिटांत मिळणार होतं, आणि ते उत्तर ओळखू शकणारं जगात एकच माणूस उरलं होतं. ते गाडीनं येणार होतं.

गुरुवारी प्रोफेसरांना स्टेशनवरून आणून शेजारी बसण्याचं काम क्लेमेन्सकडे होतं. संध्याकाळी सात वाजायच्या आधी तो धापा टाकत रंगमंचामागच्या खोलीत डोकावला.

“आणलं. टोपी घालून बसल्या आहेत, मागच्यांना काही दिसत नाहीये. बोटं मोडोत तुमची, बाई!”

इथं कलावंताला शुभेच्छा द्यायची हीच रीत आहे, आणि त्याबद्दल आभार मानायचे नसतात. बोगुमिलाबाईंनी मानले नाहीत. दृष्ट लागू नये म्हणून इथं न रंगवलेल्या लाकडावर टकटक करतात. सभागृहातला भला थोरला पियानो आरशासारखा चकचकीत. पण खालच्या अंगाला, जिथं प्रेक्षकांची नजर जात नाही, तिथं फळी कोरी असते. बसताना त्यांनी स्टूल सरकवण्याच्या निमित्तानं तिथं तीनदा टकटक केली. त्यांच्या हातून राहून गेलं, असं काहीही नव्हतं.

सभागृह भरलेलं होतं. जिल्ह्यातल्या शाळांनी आपल्या बाई म्हणून अख्खे वर्ग आणले होते. मुलं शहाण्यासारखी बसली होती. इथल्या खुर्च्यांना गादी होती.

पहिला भाग नीट गेला. दुसरा भाग त्याहून बरा. मग बॅलड.

साधी चाल निघाली. असा पियानो त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. बोट ठेवायचा अवकाश, की स्वर आपण होऊन पुढे होई. पहिलं पान, दुसरं पान. पोस्टकार्डावरचं कापरं अक्षर त्यांच्या डोळ्यांपुढं होतं. तिसरं पान. तळाशी डावा हात त्या स्वरावर आला आणि थांबला. इथून पुढं आता ते सगळं येणार होतं.

चौथ्या रांगेत एका मुलानं पाय बदलला. त्याची खुर्ची करकरली.

एकदाच, आणि तेही हळू. सभागृहात दुसऱ्या कोणी ते ऐकलंही नसेल. पण बोगुमिलाबाईंच्या हातांनी पंचवीस वर्षं, दिवसातून चार वेळा, याच स्वरावर हाच आवाज ऐकला होता, आणि त्याचं एकच उत्तर त्यांना ठाऊक होतं. ते बाईंच्या परवानगीला थांबले नाहीत. वादळ सुरू झालं.

दोन ओळी गेल्यावर त्यांना कळलं. तोवर परत फिरायला रस्ता नव्हता. वादळातून मागं येता येत नाही, रचनाच तशी आहे. मग त्यांनी ते वादळ असं वाजवलं, की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी नवऱ्याचा हात धरला. ते सुराचं रागावणं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. शेवटचा स्वर पडला आणि लोक उठून उभे राहिले. टाळ्या लवकर थांबेनात.

शिवण कोणालाही दिसली नव्हती.

मागच्या खोलीत डायरेक्टरांनी पुन्हा हाताचं चुंबन घेतलं. “अप्रतिम! आणि आटोपशीर. बल्गेरियन पाहुण्यानं किती लांबवलं होतं, आठवतं?” नंतर क्लेमेन्स आला. तो दाराशीच उभा राहिला. सवयीनं त्यानं घड्याळ लावलं होतं. काटा साडेचार मिनिटांवर थांबलेला होता, आणि ते घड्याळ कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

त्याच्यामागून काठी टेकत प्रोफेसर आल्या. त्यांनी बाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“मधलं, पोरी!” त्या कान न ऐकणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. “तसंच आहे अजून. अगदी तसंच!”

बोगुमिलाबाईंनी त्यांच्या खांद्यावरून क्लेमेन्सकडे पाहिलं.

“मध्यंतरातच त्यांनी कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं,” क्लेमेन्स जमिनीकडे बघत म्हणाला. “शिट्टी वाजते म्हणाल्या. पुढचं मला पाठ आहे म्हणाल्या.”

“काय म्हणतोय हा?” प्रोफेसरांनी विचारलं.

“तुमच्या गाडीची वेळ झाली म्हणतोय,” बोगुमिलाबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या आणि त्यांच्या कोटाची बटणं लावू लागल्या. बटणं बरीच होती. सगळी लावून झाली तरी त्यांचे हात कोटावरच होते.

सकाळी साडेसहाला त्या जिना उतरल्या तेव्हा कुलिक दारात उभे होते. रविवारचा सूट अजून अंगावर होता. बहुधा तसेच झोपले असावेत.

“बाई, काल आलो होतो. हिच्यासाठी म्हणून. फार छान झालं, सगळे उभे राहिले.” ते घुटमळले. “ते मधलं... ते कधी येऊन गेलं ते मला कळलंच नाही. मी वाट बघत होतो. वयानं लक्ष राहत नाही हो. मधेच कुठंतरी डुलकी लागली असणार.”

बोगुमिलाबाईंनी हातमोजे चढवले.

“हो,” त्या म्हणाल्या. “पटकन येऊन गेलं.”

“बघा! वाटलंच मला,” कुलिक म्हणाले आणि स्वतःवरच नाराज होऊन आत गेले.

पहिली शाळा द्रोझ्दोवची होती. व्हॅनमध्ये क्लेमेन्स बराच वेळ थर्मासाच्या झाकणाशी चाळा करत होता.

“आज अख्खं वाजवा,” तो शेवटी म्हणाला. “यादी गेली खड्ड्यात. मी बोलायचं कमी करतो, वेळ बसेल. मी पोरांना बघून घेतो.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? आहे ना तुमच्यात ते. काल त्या कार्ट्याची खुर्ची नसती करकरली तर...” तो थांबला. “ऐकली मी. पंचवीस वर्षं मीही तेच ऐकतोय.”

त्यानं शब्द पाळला. पियानो काय, बाई कोण, काही विचारलं नाही. बो सरळ केला आणि मुलांपुढं उभा राहून, गेलेल्या आवाजात जेवढी जरब उरली होती तेवढी आणून म्हणाला, “आज जो खुर्ची हलवेल, त्याला मी स्वतः पियानोच्या पोटात बंद करीन. तिथं उंदीर आहेत. मुख्याध्यापिकाबाईंना विचारा.”

मुख्याध्यापिकाबाईंनी मान डोलावली. मुलं दगडासारखी बसली. व्यायामशाळेत पंचवीस वर्षांत झाली नव्हती अशी शांतता झाली. छतावरून पाणी ठिबकताना ऐकू येत होतं.

बोगुमिलाबाईंनी साधी चाल सुरू केली. एक स्वर नसलेला, दोन फाटलेले. त्यांची सवय होती. पहिलं पान. दुसरं. तिसऱ्याच्या तळाशी डावा हात त्या स्वरावर आला. कोणी हललं नाही. कोणी खोकलं नाही. क्लेमेन्स भिंतीशी उभा होता. बाईंनी उजव्या हाताला सांगितलं, आता डावीकडे, त्या चुकलेल्या वाटेकडे. मनात त्यांनी ती वाट पाहिलीसुद्धा.

हात उठले आणि वादळावर जाऊन पडले.

या वेळी त्या रागावल्या नाहीत. राग धरायला खुर्ची नव्हती, पोर नव्हतं, कोणीच नव्हतं. त्यांनी शेवटपर्यंत वाजवलं, हात काढले आणि मांडीवर ठेवले, दुसऱ्या कोणाचे सांभाळायला दिल्यासारखे. टाळ्या झाल्या. क्लेमेन्सनं घड्याळाकडे पाहिलं नाही.

“प्रश्न?” त्यानं सवयीनं विचारलं.

मुलं धास्तावलेली होती, हात वर येईनात. शेवटी पुढच्या रांगेतल्या, रिबीनवाल्या मुलीनं हात वर केला. तिच्या मांडीवर कार्नेशन होती आणि ती द्यायची वेळ इतक्या लवकर येईल असं तिला वाटलं नसावं.

“बाई, हे एवढंच असतं का?”

क्लेमेन्सनं बोलायला तोंड उघडलं. बोगुमिलाबाईंनी त्याच्याकडे पाहून नको अशी मान हलवली.

“हो,” त्या मुलीला म्हणाल्या. “एवढंच असतं.”

मुलीनं फुलं दिली. बाईंनी झाकण लावलं, कोट चढवला. पुढची शाळा साडेदहाची होती, आणि रस्ता खराब होता.